काचेवर काठी

एक टकटक म्हणजे चूक.
दोन म्हणजे ठीक, पुढे चल.
तीन म्हणजे चहा.
नेरिसचा खुबा बदलला त्या आठवड्यात
आम्ही एवढीच भाषा ठरवून घेतली.
ती वर, खिडकीशी,
मी खाली, रबरी बुटांत, पोटऱ्यांपर्यंत गाळात.

तळं तिचं.
मी आपला त्याला वळसा घालून
एकतीस वर्षं बस काढायला गेलो,
कॉरिसहून सुटणारी पहिली, सहा दहाची.
बंद पडलेल्या खाणीतले पाटीचे दगड
तिनेच ढकलगाडीतून आणले, काठाला बसवले.
मी म्हणालो होतो, डास होतील.
डास झाले नाहीत. बेडूक झाले.

ऑक्टोबरात प्राइसच्या मेपलने
आपली सगळी पानं आमच्याकडे पाठवली.
जाळी ताणली, चारी कोपऱ्यांना विटा.
टक.
सैल आहे, मध्ये झोळ पडतोय.
पुन्हा ताणली. टक टक.
पानं तळाशी बसली की कुजतात,
आणि मासे वर येऊन तोंड वासतात,
शेवटची बस चुकलेल्या माणसांसारखे.

मग गाळ. सगळा काढायचा नाही, निम्माच.
बादली भरली, कुंपणाकडे निघालो,
तर काच फुटेल इतक्या जोरात : टक!
मग आठवलं. गाळ रात्रभर काठावरच ठेवायचा.
अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन गेलो, खोटं कशाला बोलू, भीत भीतच.
चिखलातून एक चतुराची अळी बाहेर पडत होती,
दोन गोगलगायी, पोटाला शेंदरी ठिपके असलेलं
बोटाएवढं काहीतरी,
सगळी पाण्याच्या दिशेने.
कुणी पाटी लावली नव्हती,
तरी गाडी कुठे जाते ते ठाऊक होतं सगळ्यांना.

आता एक गोष्ट सांगतो.
पंपाचा स्पंज तळ्याच्याच पाण्यात पिळायचा असतो,
बादलीत, हळू.
नळाखाली धरायचा नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन,
आणि स्पंजाच्या घाणीतच तळ्याचा जीव असतो.
थंडी होती. बोटं बधिर.
मी नळाखाली धरला. चांगला साबणही लावला.
चौथ्या दिवशी पाणी नासलेल्या दुधासारखं.
सहाव्या दिवशी तो काळ्या टिळ्याचा, आडवा.
पहाटे पुरला त्याला गूजबेरीच्या झुडपाखाली,
खिडकीचा पडदा उघडायच्या आत.
मग रोज बादल्या भरून रात्रभर उघड्या ठेवल्या,
सकाळी थोडं जुनं पाणी काढून थोडं नवं घातलं,
आठवडाभर.
त्या आठवड्यात काच गप्प होती.

पाणी दहा अंशांखाली उतरलं
तसं खाणं बंद केलं. मासे तळाला जाऊन
काही न मागता राहिले.
मला ते जमलं नसतं.

जानेवारीत बर्फ धरला, पावाच्या कापाएवढा जाड.
प्राइस कुंपणावरून हातोडी देत होता.
नको म्हणालो. ठोका बसला की
खाली माशांच्या कानठळ्या बसतात.
हे मी बोललो, मी!
केटलीतलं सगळं पाणी पातेल्यात ओतलं,
पातेलं बर्फावर धरून बसलो, गुडघ्यांखाली पोतं,
हळूहळू एक भोक पडलं, बशीएवढं,
आणि तळ्यातला कोंडलेला वास वर आला.
वरून : टक टक टक.
चहा! आणि केटली रिकामी.
मी पातेलं वर करून दाखवलं.
ती हसली असावी. काचेवर वाफ धरली होती.

फेब्रुवारीच्या शेवटी ती खाली आली,
दोन काठ्या, माझा कोट.
काठाशी बेडकांची अंडी, काळ्या ठिपक्यांचा जेलीचा गोळा.
तिने तिकडे पाहिलंच नाही.
ओठ हलवत मासे मोजले.
सहा, म्हणाली.
सहा, मी म्हणालो.
गूजबेरीकडे बघायचं नाही, असं ठरवून बघितलं.

तिने काठी पाटीच्या दगडावर आपटली.
दोनदा.
थोडं थांबून, आणखी एकदा.
ठीक, आणि मग चूक?
की सगळे मिळून नुसता चहा?
विचारलं नाही.
केटली ठेवायला आत गेलो.